दुर्बीण घ्यायचीये: मॉलमधलं चकचकीत दुकान की फोर्टातला जुना कॅमेरेवाला?

दुपारची_लोकल:
मंडळी, जाम गोंधळलोय म्हणून धागा काढतोय. बाबा ३१ मेला रिटायर झाले. मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर भिगवणला पक्षी बघायला गेले होते, तिथे बोटीत सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी आणि हे आपले कपाळावर हात धरून पाण्याकडे बघतायत असा फोटो आहे, आईने तो फ्रिजवर लावलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. तर त्यांना दुर्बीण द्यायचीये. बजेट १०-१२ हजार. पुढेमागे झूमवाला कॅमेरापण, पण ते नंतर.

शनिवारी मॉलमधल्या एका मोठ्या चेनच्या दुकानात गेलो (नाव नको, उगाच वाद). काचेच्या कपाटात तीन दुर्बिणी, कपाटाला कुलूप, किल्लीवाला जेवायला गेलेला. वीस मिनिटांनी आला. एक लाल काचांची होती, १० ते ३० झूम, म्हणाला सर हीच घ्या, ह्यात सगळं येतं, दूरचं पण आणि जवळचं पण. म्हटलं डोळ्याला लावून बघू? तर म्हणे डेमो पीस नाही, सील फोडलं की घ्यावीच लागेल. मी विचारलं ह्या काचा लाल का आहेत, तर "नाइट व्हिजन". खरंय का हे?

मुंबईत फोर्टात बोरा बाजारला कॅमेऱ्याची जुनी दुकानं आहेत एवढं ऐकून आहे. तिथे आपल्यासारख्या नवख्याला बनवतात असंही ऐकलंय. काय करू?

फुकटसल्लागार:
ऑनलाइन मागवा, नाही आवडली तर परत करा. विषय संपला.

शिंजीर:
विषय आत्ता सुरू झालाय 😀

लोकल, त्या लाल काचांना हातपण लावू नका. नाइट व्हिजन वगैरे काही नसतं, काचेवरचं कोटिंग लाल उजेड मागे फेकतं म्हणून ती लाल दिसते, आणि मग आतून जग थोडं हिरवट-निळसर दिसतं. जो उजेड डोळ्यात यायला हवा तोच बाहेर टाकायचा आणि वर त्याला नाइट व्हिजन म्हणायचं!

झूम दुर्बिणीचं दुखणं वेगळं. दुर्बिणीवर दोन आकडे असतात, ८×४२ म्हणजे ८ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलीमीटर. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५, एवढ्या मिलीमीटरचा उजेडाचा गोल तुमच्या डोळ्यात येतो. पहाटे किंवा ढगाळ दिवशी आपली बाहुली मोठी होते, तेव्हा हा गोल मोठा असलेला बरा. आता तुमची झूमवाली समजा ५० मिमीची धरली तर ३० पटीला तो गोल राहतो जेमतेम १.७. अंधारं दिसणार. शिवाय ३० पट म्हणजे हाताची थरथरपण ३० पट, पक्षी सोडा, वडाचं झाड फ्रेममध्ये राहत नाही. आणि झूमच्या दुर्बिणींना कमी पटीलापण दिसणारा तुकडा चिंचोळा असतो, बोरूच्या नळीतून बघितल्यासारखा.

पक्ष्यांना ८×४२ किंवा ८×४०, डोळे मिटून. १० पटवाल्या वाईट नाहीत, पण साठीच्या माणसाला हात स्थिर ठेवणं जड जातं.

आणि मुख्य प्रश्न, जो त्या किल्लीवाल्याने विचारायला हवा होता: बाबांना चष्मा आहे का? आणि कसला?

दुपारची_लोकल:
आहे की. लांबचा पण आणि जवळचा पण, प्रोग्रेसिव्ह.

शिंजीर:
मग आय रिलीफ बघा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण गोल दिसतो ते अंतर. चष्मेवाल्यांना निदान १५-१६ मिमी पाहिजे. निकॉनचीच दोन उदाहरणं घ्या, अ‍ॅक्युलॉन ८×४२ चा आय रिलीफ १२ मिमी आणि अ‍ॅक्शन इएक्स ८×४० चा १७ च्या वर. कागदावर दोन्ही सारख्याच वाटतात, पण पहिलीतून बाबांना गोलाचा मधला भागच दिसेल आणि ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून "छान आहे" म्हणतील. हे बंद खोक्यावरून कळत नाही आणि फुकटसल्लागार, हे ऑनलाइनपण कळत नाही. परत करता येतं हे खरं, पण वडील मंडळी मुलाने दिलेली वस्तू परत करतात का कधी?

फुकटसल्लागार:
हा मुद्दा बरोबर आहे. माझ्या वडिलांनी चार वर्षं चुकीच्या मापाचे बूट घातले.

मॉलमधला_माणूस:
मी अशाच एका दुकानात तीन वर्षं होतो, आता नाही, म्हणून लिहितो. नावं घेणार नाही.

लोकांना वाटतं सेल्समन लबाड असतो. बहुतेक वेळा तो लबाड नसतो हो, त्याला माहीतच नसतं. मी आधी वॉशिंग मशीनला होतो, कॅमेऱ्याचा पोरगा सोडून गेला म्हणून सोमवारपासून मला तिकडे उभं केलं. ट्रेनिंग म्हणजे एक पीडीएफ. कॅमेऱ्याच्या काउंटरवर जो कंपनीचा टीशर्ट घालून उभा असतो तो बऱ्याचदा दुकानाचा माणूसच नसतो, कंपनीने ठेवलेला प्रमोटर असतो, त्याचं टार्गेट त्याच्या ब्रँडचं. तुम्ही त्याला दुसऱ्या ब्रँडचं विचारलं तर तो काय सांगणार? आणि दुकानाच्या माणसाचा जीव अडकलेला असतो एक्सटेंडेड वॉरंटीत, बॅग-ट्रायपॉड-कार्डाच्या कॉम्बोत. कॅमेऱ्यावर फारसं सुटत नाही, त्या वॉरंटीवर सुटतं. महिनाअखेरीला मॅनेजर मागे उभा राहतो, आज किती वॉरंट्या लावल्या म्हणून.

पण चांगली बाजूपण सांगतो. बिल शंभर टक्के पक्कं. माल भारतातला, कंपनीकडून आलेला, वॉरंटीला कोणी नाही म्हणू शकत नाही. बँकेच्या कार्डावर जी सूट मिळते ती छोट्या दुकानदाराला देणं कठीण. नो कॉस्ट ईएमआयपण मिळतो, फक्त एक लक्षात ठेवा, व्याजाची रक्कम आधीच सूट म्हणून कापतात पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बँक तुमच्याकडून घेतेच. नो कॉस्ट म्हणजे अगदीच नो नाही.

मग काय, ज्याला नक्की कुठलं मॉडेल पाहिजे ते माहितीये त्याने चेनमध्ये जाऊन ऑफर बघून उचलावं. ज्याला माहीत नाही त्याने तिथे विचारायला जाऊ नये. डिस्प्लेचा कॅमेरा मात्र कधीच घेऊ नका, सूट कितीही द्या म्हणाले तरी. दिवसभर पोरं त्याचं शटर उडवत असतात, आम्हीसुद्धा.

दुपारची_लोकल:
बाप रे. पीडीएफ!

बंडोपंत_फोटोवाले:
सांगली. लग्नाची कामं करतो, १९ वर्षं झाली. माझं मत पहिल्यापासून एकच, कॅमेरा जाणत्या माणसाकडनं घ्यावा, दोन हजार जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

२०१८ च्या डिसेंबरात मला नवी बॉडी पाहिजे होती, पुढे मुहूर्त चिकार होते. पैसे घेऊन गेलो आमच्या दुकानदाराकडं, आणि तो म्हणाला पंत थांबा जरा, जीएसटी कौन्सिलची मीटिंग आहे, कॅमेऱ्यावरचा कर उतरणार म्हणतायत. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं त्यानं. २२ तारखेला मीटिंग झाली, डिजिटल कॅमेऱ्याचा जीएसटी २८ वरनं १८ वर आला, १ जानेवारीपासनं. जानेवारीत जाऊन घेतली. आता जीएसटी नंबर असला तर कर पुढं वळता होतो हे मला माहितीये, पण तेव्हा माझा नंबर नव्हता, दहा टक्के म्हणजे खिशातनंच जायचे.

दुसरी गोष्ट. ५० मिमी १.८ लेन्स घेताना त्यानं टेबलावर 'पुढारी' तिरका पसरला, म्हणाला मधल्या मथळ्यावर फोकस द्या, लेन्स पूर्ण उघडी ठेवून. दिला. मोठा करून बघितलं तर मथळा मऊ आणि त्याच्या मागच्या दोन ओळी खणखणीत. बॅक फोकस! नवीकोरी लेन्स. त्यानं दुसरं खोकं उघडलं, ती बरोबर निघाली. मॉलमध्ये कोण करणार हे? "सर्व्हिस सेंटरला दाखवा" म्हणाले असते, आणि सर्व्हिस सेंटर आमच्यापासनं किती लांब आहे ते मला विचारा. (मिररलेसला, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला, हा ताप जवळजवळ नाहीच, फोकस सेन्सरवरच होतो. जुन्या डीएसएलआरवाल्यांनी मात्र हा कागदाचा उद्योग जरूर करावा.)

आणि तिसरी, हे कुठल्याच ऑफरमध्ये मिळत नाही. ऐन वैशाखात शटर गेलं. हळदीच्या दिवशी. रात्री साडेनऊला फोन केला, तो घरनं किल्ली घेऊन दुकानात आला आणि स्वतःकडची सेकंडहँड बॉडी दिली, आठ दिवस वापरा म्हणाला, एक रुपया घेतला नाही. अक्षता पडायच्या आधी मी मांडवात हजर.

गंडलेला_ग्राहक:
बंडोपंत, तुमचा दुकानदार देवमाणूस आहे पण सगळे तसे नसतात हो. मी एका मोठ्या शहरातल्या कॅमेरा गल्लीतल्या, स्पेशालिस्ट म्हणवणाऱ्या दुकानात गंडलोय. फोनवर एक भाव सांगितला, तिथे गेल्यावर "ते मॉडेल आत्ताच संपलं, पण हे त्याच्यापेक्षा भारी". मी म्हटलं नको. मग संपलेलं मॉडेल अचानक गोडाऊनमधून आलं, पण चार हजार कमी "विदाऊट बिल". मोहात पडलो, चूक माझीच. घरी येऊन बघतो तर वॉरंटी कार्ड कुठल्या तरी दुसऱ्याच देशाचं. ग्रेचा माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला. सात महिन्यांनी लेन्स अडकली, कंपनीच्या सेंटरने सांगितलं भारतातली वॉरंटी नाही, पैसे भरून करा. दुकानदार म्हणाला तुम्हालाच स्वस्तात पाहिजे होतं ना. त्याचंही बरोबरच म्हणा.

शिवाय किट फोडायचे धंदे. कंपनीने बॉडी आणि लेन्स एका खोक्यात दिलेली असते, हे लोक ती वेगळी करून बॉडी एकाला आणि लेन्स पांढऱ्या साध्या खोक्यात दुसऱ्याला विकतात. लेन्स खरीच असते, पण वॉरंटीच्या वेळी तुम्ही काय दाखवणार?

तेव्हा खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि कार्डावरचा सिरीयल नंबर जुळतो का ते तिथेच बघा, तोच नंबर बिलावर लिहून घ्या. दुकान जुनं आहे, आजोबांचा फोटो भिंतीला आहे, असल्या गोष्टींना भुलू नका.

मॉलमधला_माणूस:
+१. आणि ऑनलाइन घेतलात तर साइट कोणाची ह्यापेक्षा विकणारा कोण ते बघा, बारीक अक्षरात असतं. तिथेही ग्रे येतं.

ध्रुवमत्स्य:
थोडं अवांतर, पण दुर्बिणीचा धागा आहे म्हणून. दिवाळीच्या आसपास लोक पोरांना टेलिस्कोप घेतात, चेनच्या दुकानातून किंवा खेळण्यांच्या. खोक्यावर शनीचा अंतराळयानाने काढलेला फोटो आणि खाली ५२५ पट. आत ७६ मिमीचा आरसा. टेलिस्कोपचं ढोबळ गणित असं की व्यासाच्या मिलीमीटरला जास्तीत जास्त दोन पट, म्हणजे ७६ ला दीडशे, ते पण हवा शांत असली तर. ५२५ ला फक्त धुरकट ठिपका दिसतो आणि स्टँड असा की फोकस फिरवला की शनी शेजारच्या बिल्डिंगमध्ये जातो. पोरगं दोन दिवस बघतं, मग तो माळ्यावर. अशा माळ्यावरच्या टेलिस्कोपांचं एक संमेलन भरवता येईल.

घेण्याआधी एकदा कुणाच्या तरी टेलिस्कोपमधून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून, टिळक स्मारक मंदिरात. मुंबईकरांना खगोल मंडळ आहे, लोकल तुम्हाला कल्याणचं आकाशमित्र जवळ पडेल. तिथले लोक स्वतःची यंत्रं घेऊन आकाशदर्शनाला येतात, कोणी काही विकत नसतं, त्यामुळे खरं सांगतात. आणि नवख्यांना ते पहिल्यांदा बहुतेक वेळा बायनॉक्युलरच घ्यायला सांगतात! ८×४२ मधून कृत्तिका बघा एकदा बाबांना घेऊन.

वाशिष्ठीकाठी:
चिपळूणहून. कुठून घ्यायची ह्याचा किस तुम्ही पाडताय ते छान, पण घेतल्यावर पावसाळ्यात काय कराल ते कोणी बोलत नाहीये. माझ्या ७०-३०० लेन्समध्ये एका जुलैत बुरशी आली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. लेन्स कंपनीच्या लेदरसारख्या पाऊचमध्ये कपाटात जपून ठेवली होती, आणि तेच चुकलं, चामडं-कापड ओल धरतं.

ही गोष्ट मला विकत घेताना कोणीही सांगितली नाही, चेनवाल्याने तर नाहीच. नंतर ज्याने लेन्स उघडून साफ केली त्याने सांगितलं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा. ४० ते ५० टक्के राहिला की झालं. निळी जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद गरम करायची, परत निळी होते. (आमच्याकडे तो तवा वेगळा काढलाय, बायकोच्या आदेशाने.) तांदूळ घालू नका, भुकटी आत जाते. आणि वस्तू वापरत राहा, बुरशीला अंधार आणि कोंदटपणा आवडतो.

शिंजीर:
वाशिष्ठीकाठी, वाखुसा (वाचनखूण साठवा) केलंय हे.

लोकल, दुकानात गेलात की अजून एक बघायचं. दुकानात आतल्या आत बघू नका, ट्यूबलाइटमध्ये सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. रस्त्यावर या. लांबची आडवी वायर किंवा गच्चीचा कठडा पकडा. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्याला नीट करा, मग डावा झाकून उजव्या आयपीसवरच्या रिंगने उजव्याला. मग दोन्ही उघडे. आता दुर्बीण सावकाश डोळ्यांपासून तळहातभर लांब न्या. वायर दोन्ही गोलात एका रेषेत राहिली पाहिजे. एका गोलात वर, दुसऱ्यात खाली असेल तर आतले लोलक हललेत. आपला मेंदू ते थोडा वेळ ओढूनताणून जुळवतो, दुकानात दोन मिनिटांत कळत नाही, घरी अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं आणि माणसाला वाटतं आपले डोळे गेले. ट्रकमधून आदळत आलेल्या स्वस्त मालात हे फार सापडतं. दोन-तीन पीस बघा, त्यातला एक निवडा. जो दुकानदार दोन पीस रस्त्यावर नेऊ देतो त्याच्याकडून घ्या, मग तो चेनवाला असो नाहीतर गल्लीतला.

हडसनकाठची_मावशी:
न्यू जर्सीहून. इकडे न्यूयॉर्कात नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवर बी अँड एच म्हणून एकच अवाढव्य दुकान आहे, १९७३ पासूनचं, स्पेशालिस्ट पण तेच आणि सुपरस्टोर पण तेच. आत गेलं की डोक्यावरून हिरव्या टोपल्या पट्ट्यावरून फिरत असतात, तुमची वस्तू त्यातून काउंटरला येते. शनिवारी बंद, त्यांचा शब्बाथ असतो, आणि त्या वेळात वेबसाइटवरसुद्धा ऑर्डर घेत नाहीत! काउंटरवरच्या दाढीवाल्या काकांना मी विचारलं चष्मा काढून बघू की घालून, त्यांनी तीन दुर्बिणी समोर ठेवल्या आणि पाऊण तास दिला. मी शेवटी काही घेतलं नाही तरी कपाळाला आठी नाही. पण लोकल, माझ्यासारख्या कोणाला इकडून आणायला सांगू नका, वॉरंटी इकडचीच असते, आणि बॅगेत सामानाखाली दबून त्या वायरीचं काय होईल ते शिंजीर सांगतीलच.

फुकटसल्लागार:
मावशी, शनिवारी वेबसाइट बंद? आमच्या सोसायटीच्या वॉचमनला आवडेल ही कल्पना. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

दुपारची_लोकल:
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. बाबांना सरप्राइज द्यायचा बेत सोडला आणि त्यांनाच घेऊन गेलो. आधी ठरवलं रविवार, मग कळलं रविवारी फोर्टात बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी. सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात. पहिल्या दुकानात वरच्या फळीवरचं खोकं काढायलाच तयार नाहीत, घेणार असाल तर काढतो. दुसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी बाबांकडे बघून पहिलं वाक्य काय टाकलं असेल? "चष्मा प्रोग्रेसिव्ह दिसतो." मी मनात शिंजीरना नमस्कार केला.

त्यांनी तीन काढल्या. अ‍ॅक्युलॉनमधून बाबांना खरंच मधलाच गोल दिसला. अ‍ॅक्शनमधून झकास दिसलं पण ती साडेआठशे ग्रॅमच्या आसपास आहे, बाबांनी गळ्यात घालून दोन मिनिटांत मान चोळली. मग निकॉनचीच प्रोस्टाफ पी३ ८×४२, साडेपाचशे-पावणेसहाशे ग्रॅम, चष्म्यासकट पूर्ण गोल. म्हातारे गृहस्थ स्वतःच म्हणाले बाहेर नेऊन बघा, पोराला बरोबर पाठवतो. गल्लीत उभं राहून समोरच्या इमारतीच्या कठड्यावरची कबुतरं बघितली, वायरची परीक्षा घेतली, पहिल्या पीसमध्ये मला शंका आली (बाबा म्हणाले तुझाच हात हलतोय), दुसरा घेतला. बजेटच्या दीड हजार वर गेलं. पक्कं बिल, सिरीयल नंबर बिलावर.

घरी येऊन ऑनलाइन किंमत बघायची नाही असं ठरवलं होतं, बघितली. आठशे कमी होती. असो.

आणि वाशिष्ठीकाठी, डबा आईच्या लाडवांचा होता, तो मिळवायला दुर्बिणीपेक्षा जास्त घासाघीस करावी लागली.

काल सकाळी साडेसहाला बाबांनी मला हलवून उठवलं. मागच्या उंबरावर तांबट बसला होता, तो टुकटुक करणारा, तीस वर्षं आम्ही नुसता ऐकतोय. हातात दुर्बीण दिली आणि म्हणाले, "अरे ह्याला मिशा आहेत!"

शिंजीर:
आहेत ना! चोचीच्या मुळाशी राठ केस. आता त्याला उंबर खाताना बघायला सांगा. आणि लोकल, आईसाठी दुसरी बघायला लागा, दोन महिन्यांत लागणार.

दुपारची_लोकल:
लागलीच. आज सकाळी रांग होती गॅलरीत.